एकच माप, दोन्ही ठिकाणी



आपल्या सेलूच्या मोंढ्यात घेताना एक माप आणि देताना दुसरे, हे कोणी खपवून घेत नाही. संगणकावरील पानांचेही तसेच आहे. तुम्ही अर्जात भरलेले नाव कधी सर्व्हर पानात मांडतो, कधी तुमच्यापुढचा ब्राउझर. नावाच्या जागी कोणी कोनी कंसात आज्ञा लिहिली, तर ती नुसती अक्षरे म्हणून दिसावी, चालू नये. २००५ मध्ये अशीच एक आज्ञा मायस्पेसवर एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत पसरली. दक्षतेचा कोड दोन ठिकाणी वेगवेगळा लिहिला, की एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते. २००९ मध्ये नोड आल्यापासून ब्राउझरची जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही सर्रास चालते. तेव्हा मित्रहो, पान रचणारा कोड एकदाच लिहा, कसून तपासा आणि दोन्हीकडे तोच वापरा.