क्वेबेकचा संघ गेला नसता तर



जर-तर हा आपला आवडता खेळ. पानिपतावर विश्वासरावांना ती गोळी लागलीच नसती तर, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आलो. जयंत नारळीकरांनी तर त्यावर 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथाच लिहिली. आज मी आणलेला जर-तर कॅनडातला आहे आणि हॉकीचा आहे. ही हॉकी ध्यानचंदांची नव्हे, बर्फावरची. पायांत स्केट, हातात काठी आणि रबराच्या काळ्या चकतीमागे, म्हणजे पकमागे, सुसाट सुटलेले सहा-सहा खेळाडू. उत्तर अमेरिकेत या खेळाची सर्वांत मोठी लीग म्हणजे एनएचएल. तिथे संघ ही मालकाची मालमत्ता असते. मालकाला परवडेनासं झालं की तो संघ दुसऱ्या गावच्या माणसाला विकून मोकळा होतो. १९९५मध्ये क्वेबेक शहराचा नॉर्डिक्स संघ असाच अमेरिकेत, डेन्व्हरला गेला. नाव बदलून कोलोरॅडो ॲव्हलांच झाला, आणि पहिल्याच मोसमात त्याने लीगचं सर्वोच्च विजेतेपद, स्टॅन्ली कप, जिंकलं. पंधराहून अधिक वर्षं क्वेबेकने ज्याची वाट पाहिली, ते डेन्व्हरला एका वर्षात मिळालं!

तेव्हापासून क्वेबेकची बाजू घेणारे म्हणतात, संघ राहिला असता तर तो कप आमचाच होता. मला हे पटत नाही. आणि विरुद्ध बाजूचे म्हणतात, तो संघ तिथे टिकलाच नसता. मला तेही पटत नाही.

क्वेबेक हे सेंट लॉरेन्स नदीकाठचं, तटबंदीचं, फ्रेंच बोलणारं शहर. प्रांताची राजधानी असलं तरी लीगच्या हिशेबात अगदी लहान. नॉर्डिक्सच्या निळ्या जर्सीवर प्रांताच्या झेंड्यातलं लिलीचं फूल होतं. अडीचशे किलोमीटरवर माँट्रियल, आणि तिथला कॅनेडियन्स हा लीगमध्ये सर्वाधिक कप जिंकलेला संघ. दोघांचं वैर बिअरपर्यंत पोचलेलं. कॅनेडियन्स मोल्सन कंपनीचा, तर नॉर्डिक्स कार्लिंग ओ'कीफचा. १९७९मध्ये नॉर्डिक्ससह चार नव्या संघांना लीगमध्ये घ्यायचं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा माँट्रियलने विरोधात मत दिलं आणि ठराव एका मताने पडला. लोकांनी मोल्सनच्या बिअरवर बहिष्कार टाकला. काही दिवसांतच पुन्हा मतदान झालं, आणि या वेळी माँट्रियलचा विरोध मावळला होता. धर्माधिकाऱ्यांनाही जमली नसती अशी ही उपरती! पुढे १९८४च्या गुड फ्रायडेला या दोन संघांत अशी हाणामारी झाली की, मध्यंतरानंतर खेळाडू बर्फावर परतले ते खेळायच्या आधीच पुन्हा एकमेकांना भिडले. हे वैर लक्षात ठेवा, कारण सगळा जर-तर त्याच्यावरच येऊन अडतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नॉर्डिक्सची दशा झाली. १९८९ ते १९९१ सलग तीन मोसम संघ तळाला. १९८९-९०च्या मोसमात ८० सामन्यांत फक्त १२ विजय. तळाच्या संघाला होतकरू खेळाडूंमधून पहिली निवड करता येते. त्यातून १९९१मध्ये एरिक लिंड्रॉस हा त्या पिढीतला सर्वांत गाजलेला तरुण वाट्याला आला, आणि त्याने क्वेबेकची जर्सी अंगात घालायलाच नकार दिला. कारणं नाना सांगितली गेली. संघाचे अध्यक्ष मार्सेल ओब्यू हे पट्टीचे सौदेबाज. त्यांनी लिंड्रॉसचा सौदा फिलाडेल्फियाशीही केला आणि न्यूयॉर्कशीही! प्रकरण लवादाकडे गेलं. निकाल फिलाडेल्फियाच्या बाजूने लागला, आणि नॉर्डिक्सला मिळाले पीटर फोर्सबर्ग, माइक रिची, रॉन हेक्स्टॉल असे अर्धा डझन खेळाडू, शिवाय पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि दीड कोटी डॉलर. जो साकिक संघात आधीपासून होताच. १९९५मध्ये हा संघ पूर्व विभागात पहिला आला. बाद सामन्यांच्या पहिल्याच फेरीत न्यूयॉर्ककडून हरला, आणि मे महिन्यात साडेसात कोटी अमेरिकी डॉलरला विकला गेला.

विकला का? खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये, तिकिटांची कमाई कॅनेडियन डॉलरमध्ये. तेव्हा कॅनेडियन डॉलरला जेमतेम ७३ अमेरिकी सेंट मिळत. म्हणजे दहा लाखांच्या खेळाडूवर १३ लाख ७० हजार मोजायचे. कोलिझे हे जुनं स्टेडियम, त्यात कंपन्यांना विकायचे महागडे बॉक्स कमी. ओब्यूंनी प्रांतिक सरकारकडे मदत मागितली, पण मुख्यमंत्री जॅक पारिझो यांच्याशी गणित जुळलं नाही. पारिझोंचं लक्ष होतं क्वेबेकने कॅनडातून फुटावं की नाही यावरच्या, ऑक्टोबरातल्या सार्वमतावर. ते सार्वमत ते सुमारे ५४ हजार मतांनी हरले. संघ राहिला असता तर निकाल फिरला असता का, असं विचारणारेही भेटतात. त्या वाटेने मी जात नाही. एका भाषणात एकच जर-तर पुरे.

आता तो कप. डेन्व्हरने तो जिंकला त्यात साकिक आणि फोर्सबर्गचा वाटा मोठा, पण गोलमध्ये उभा होता पॅट्रिक रुआ. आणि रुआ होता माँट्रियलचा. २ डिसेंबर १९९५ला डेट्रॉइटविरुद्ध माँट्रियल ११-१ असं हरलं. प्रशिक्षकाने रुआला नऊ गोल खाईपर्यंत बर्फावर ठेवलं. बाहेर आल्यावर तो तडक संघाच्या अध्यक्षांकडे गेला आणि म्हणाला, माँट्रियलकडून हा माझा शेवटचा सामना. चार दिवसांत तो डेन्व्हरला पोचला. आता विचार करा, संघ क्वेबेकमध्येच असता तर? दोन्ही संघ एकाच गटातले. माँट्रियलचा व्यवस्थापक जगातला सर्वोत्तम गोलरक्षक अडीचशे किलोमीटरवरच्या वैऱ्याच्या हातात देईल? दुसऱ्या दिवशी त्याला शहर सोडावं लागलं असतं. गंमत म्हणजे रुआ मूळचा क्वेबेकचाच पोरगा, आणि नॉर्डिक्सचे व्यवस्थापक पिएर लाक्रुआ हे एके काळचे त्याचे एजंट. घरच्या गावी परतायला याहून सोयीचा योग नव्हता, पण संघ दूर गेला म्हणूनच लाक्रुआंना त्यांचा हा माणूस मिळाला. क्वेबेकमध्ये गोलमध्ये उभे असते स्टेफान फिसे आणि वीस-एकवीस वर्षांचा जोसलिन तिबो. वाटेत मारियो लमयू आणि यागर यांचं पिट्सबर्ग, शिवाय खुद्द लिंड्रॉसचं फिलाडेल्फिया. त्या वर्षी पूर्वेतून अंतिम फेरीत फ्लोरिडा पोचलं, तेही गोलरक्षकाच्या जिवावर. माझ्या मते क्वेबेक दुसऱ्या फेरीत, फार तर तिसऱ्या फेरीत संपलं असतं.

यापेक्षा मोठा घाव १९९७च्या ऑगस्टमध्ये बसला असता. न्यूयॉर्क रेंजर्सने साकिकला तीन वर्षांसाठी दोन कोटी दहा लाख डॉलर देऊ केले, त्यातले दीड कोटी करारावर सही होताच रोख. नियम असा, की मूळ संघाने तेवढीच रक्कम दिली तर खेळाडू राहतो. नाही दिली तर पहिल्या फेरीच्या पाच निवडी घेऊन गप्प बसायचं. डेन्व्हरच्या मालक कंपनीची चित्रपटनिर्मितीतही गुंतवणूक होती, आणि त्याच उन्हाळ्यात तिचा हॅरिसन फोर्डचा 'एअर फोर्स वन' धो धो चालला. हा पैसा साकिकला ठेवायला कामी आला, असं तिकडे सर्रास सांगतात. क्वेबेककडे कुठला आलाय हॅरिसन फोर्ड? दीड कोटी म्हणजे दोन कोटींहून जास्त कॅनेडियन डॉलर, एका सहीचे. साकिक गेला असता, यात मला शंका नाही. फोर्सबर्ग दोन-तीन वर्षांनी त्याच वाटेने.

मग लोक म्हणतात, बघा, संपलंच की! इथेच माझी वाट वेगळी होते. विनिपेगचा संघ १९९६मध्ये गेला, म्हणून क्वेबेकचाही जाणारच होता असं मानतात. पण एडमंटन बघा. तेही कॅनडातलं, डॉलरचं तेच दुखणं. १९९८मध्ये तिथला संघ ह्यूस्टनला जायच्या बेतात होता, तेव्हा गावातल्याच तीसहून अधिक गुंतवणूकदारांनी पैसे जमवून तो विकत घेतला. मग त्यांनी चांगले खेळाडू महाग होईपर्यंत वापरले आणि सोडून दिले: गोलरक्षक कर्टिस जोसेफ गेला, बिल गेरिन गेला, डग वेट गेला. पुढची काही वर्षं दुसऱ्या फेरीपलीकडे मजल नाही. पण संघ तिथेच राहिला. ऑटवाने तर २००३मध्ये दिवाळखोरीतून संरक्षण मागितलं, आणि त्याच मोसमात साखळीत सर्वांत जास्त गुण मिळवले! नवा मालक आला, संघ हलला नाही.

आक्षेप आहेच, आणि तो हलका नाही. जानेवारी २००२मध्ये कॅनेडियन डॉलर ६२ सेंटच्याही खाली घसरला. २०००मध्ये केंद्र सरकारने हॉकी संघांना मदत जाहीर केली आणि लोकांनी एवढा गिल्ला केला की तीन दिवसांत मागे घेतली. दुसरं म्हणजे, २००१मध्ये खुद्द माँट्रियलचा संघ अमेरिकन उद्योजक जॉर्ज जिलेट यांना विकावा लागला. कॅनेडियन्सला गावातलं गिऱ्हाईक मिळत नाही, तिथे नॉर्डिक्सला कोण घेणार? पण १९८८नंतर नॉर्डिक्सचा मालक एकटा धनाढ्य नव्हताच. तो एक गट होता. कामगारांच्या निधीपासून किराणा दुकानांच्या साखळीपर्यंत भागीदार होते. एडमंटनने जे संकटात उभं केलं, ते क्वेबेककडे आयतं होतं. कमी होतं ते नवं स्टेडियम. आणि ते बांधायला सरकार पैसे घालू शकत होतं, हे पुढे सिद्धच झालं. २०१५मध्ये १८ हजार आसनांचं सेंटर व्हिडिओट्रॉन उभं राहिलं, सुमारे ३७ कोटी डॉलर खर्चून, प्रांत आणि शहराच्या तिजोरीतून. एनएचएलचा संघ मात्र नाही! तिथे तरुणांच्या लीगमधला रेम्पार्ट्स खेळतो. हेच पैसे वीस वर्षं आधी निघाले असते, तर माझ्या जर-तरची गरजच उरली नसती.

म्हणजे सगळा प्रश्न दहा वर्षं तगण्याचा होता. २००५मध्ये लीगने पगारावर मर्यादा घातली, पहिल्या वर्षी संघाला तीन कोटी ९० लाख डॉलर. २००७पर्यंत कॅनेडियन डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला आला. २००६च्या अंतिम फेरीत कोण होतं? एडमंटन, आणि हार्टफर्डहून कॅरोलायनाला गेलेला संघ. राहिलेला आणि गेलेला समोरासमोर. जिंकला गेलेला, तोही सातव्या सामन्यात.

माझ्या कल्पनेतला क्वेबेकचा संघ त्या वर्षी अंतिम फेरीच्या जवळपासही नाही. साकिक न्यूयॉर्कमध्ये निवृत्तीला आलेला. रुआच्या जागी चौथा की पाचवा गोलरक्षक उभा आहे, आणि त्याच्यावर शहरातल्या रेडिओवर रोज सकाळी तोंडसुख घेणं चालू आहे. बाद सामन्यांतल्या शेवटच्या, आठव्या जागेसाठी झगडा आहे, अर्थातच माँट्रियलशी. आणि पुढच्या मोसमाचे पास आदल्या वर्षापेक्षा महाग झाले म्हणून गाव ओब्यूंच्या नावाने खडे फोडतं आहे.