दगडालाही हवा बाधते

शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला आणि वेळेवर पुसला नाही, तर तिथे फिकट, खरबरीत डाग राहतो. कितीही घासा, जात नाही. कारण तेवढी फरशी आम्लानं खाल्लेली असते. शहाबादी हा चुनखडीचा दगड. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रलही चुनखडीचंच, डॉर्सेटमधल्या पोर्टलंडच्या खाणींतलं.

तो किती झिजला, हे तिथे चक्क मोजता येतं. १७१८च्या सुमारास छताच्या कडेनं दगडी कठडा बसवला. (वास्तुकार ख्रिस्तोफर रेन यांना तो मुळीच नको होता, पण त्यांचं ऐकतो कोण!) दगड उचलण्यासाठी पाडलेली भोकं शिसं ओतून सपाट बुजवली. शिसं होतं तिथेच राहिलं, भोवतालचा दगड मात्र खाली गेला. अडीचशे वर्षांत सुमारे दोन सेंटिमीटर!

दोष मुख्यतः कोळशाच्या धुराचा. त्यातला गंधकाचा वायू ओलाव्यात मिसळून चुनखडीचं जिप्सम करतो. पाऊस लागतो तिथला दगड विरघळून वाहून जातो आणि पांढराशुभ्र दिसतो. आडोशाला, नक्षीच्या पोटात, जिप्सममध्ये काजळी अडकून काळा पापुद्रा धरतो. तो सुटला की त्याबरोबर एखाद्या संताचं नाकही जातं. म्हणजे स्वच्छ दिसणारी भिंत निरोगी असतेच असं नाही.

१९८०पासून शास्त्रज्ञ याच कठड्यावर दर दहा वर्षांनी मोजमाप करू लागले. नदीपलीकडचं बँकसाइडचं वीजकेंद्र १९८१मध्ये बंद पडलं, पुढे हवेतला गंधक जवळजवळ नाहीसा झाला. झीज मात्र तीस वर्षांत साधारण तिसऱ्या हिश्शानंच घटली. कारण निर्मळ पाऊसही हवेतल्या कर्बवायूमुळे किंचित आम्लच असतो.

मग उपाय काय? वेल्स इथल्या कॅथीड्रलच्या दर्शनी भागावर सुमारे तीनशे मध्ययुगीन मूर्ती आहेत. १९७०-८०च्या दशकांत रॉबर्ट बेकर यांनी त्यांना सिमेंट लावू दिलं नाही. सिमेंट दगडापेक्षा कठीण. ते पाणी आत कोंडून धरतं आणि शेजारचा दगड फोडतं. बेकर यांनी चुन्याचे लेप दिले, भेगा चुन्यानंच भरल्या, वर चुन्याची निवळी पुन्हा पुन्हा शिंपडली. निवळीनं दगड आतून घट्ट होतो, हा त्यांच्या पद्धतीतला दावा मात्र पुढच्या प्रयोगांत टिकला नाही. माझ्या मते खरं काम केलं ते शेवटच्या हातानं. चुना आणि दगडाची पूड यांचा पातळ थर मूर्तीवर चढवायचा. पावसानं खायचं ते त्याला खावं. काही वर्षांनी तो उडाला, की पराती बांधायच्या आणि नवा थर द्यायचा.