गुदभागाचे जुने दुखणे : आधी कारण, मग उपचार

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून व घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांतून आलेल्या डॉक्टर, वैद्य, परिचारिका आणि आशाताईंनो,

या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. अध्यक्षाने वैद्यकाच्या सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. मी मात्र आज एकाच दुखण्याविषयी बोलणार आहे. ते आपल्या ओपीडीत नेहमी येते, पण संमेलनांच्या व्यासपीठावर क्वचितच येते. ते म्हणजे गुदभागाचे, महिनोन्‌महिने न थांबणारे दुखणे. ‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपल्या समाजाने उगीच घडवलेली नाही. लहान तालुक्यात डॉक्टर बहुधा ओळखीचाच असतो. म्हणून रुग्ण आधी गप्प बसतो, मग औषधाच्या दुकानातून मलम आणतो, मग भिंतीवरची जाहिरात वाचून नोंदणी नसलेल्या माणसाकडे जातो, आणि सगळे करून थकल्यावर आपल्यापुढे येतो. माझे म्हणणे एवढेच आहे की या दुखण्याचे कारण बहुतेक वेळा सापडण्याजोगे असते. ते सापडत नाही, कारण शोध सुरू होण्याआधीच आपण मूळव्याध असे निदान लिहून मोकळे होतो. शोधाची सर्वांत फलदायी पायरी पुण्यातल्या मोठ्या यंत्रापाशी सुरू होत नाही. ती आपल्याच तपासणीच्या खोलीत सुरू होते.

आधी मूळव्याधीचा प्रश्न निकाली काढू. गुदनलिकेत एक नागमोडी रेषा असते, तिला डेंटेट लाइन म्हणतात. तिच्या खालच्या त्वचेला टाचणी टोचलेलीही कळते, पण वरच्या अस्तराला चिरल्याची वेदना जवळपास नसते. आतली मूळव्याध या रेषेच्या वर असते. तिच्यावर भूल न देता रबर बँड लावता येतो, तो याचमुळे. असे कोंब रक्त पाडतात, बाहेर येतात, ओल आणि खाज आणतात, पण सहा-सहा महिने ठणकत नाहीत. बाहेरच्या कोंबात रक्ताची गाठ झाली, किंवा बाहेर आलेला कोंब आवळला गेला, तर वेदना असह्य होते. पण ती काही दिवसांची असते आणि नुसत्या डोळ्यांनी दिसते. तेव्हा जुने दुखणे असलेल्या माणसाला प्रॉक्टोस्कोपमधून कोंब दिसले, तर त्यावरून एवढेच ठरते की त्याला कोंबही आहेत. कोंब इतके सर्रास आढळतात की शोधणाऱ्याला ते जवळजवळ नेहमीच सापडतात, आणि तिथेच शोध थांबतो. मग त्या कोंबांवर शस्त्रक्रिया होते, वेदना तशीच राहते, आणि रुग्णाला वाटते की शस्त्रक्रिया बिघडली. बिघडले असते ते निदान.

खऱ्या कारणाकडे नेणारा पहिला पुरावा म्हणजे वेदनेचे वेळापत्रक. शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखे होते आणि नंतर तासन्‌तास आग राहते, असे सांगणाऱ्या माणसाला बहुधा चीर असते, म्हणजे फिशर. ती बहुतेक वेळा मागच्या मध्यरेषेवर असते. चीर बाजूला असली, तर क्षयरोग, क्रोन्सचा आजार, उपदंश, एचआयव्ही आणि कर्करोग यांचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. दिवसरात्र एकसारखा ठणका, खोकल्यावर वाढणारा, बाहेर लाली नाही, सूज नाही, कधी तापही नाही, असे असेल तर गुदद्वार आवळून धरणाऱ्या दोन स्फिंक्टर स्नायूंच्या मधल्या फटीत पू साठला आहे का, हे पाहावे लागते. झोपेतून दचकून जाग यावी अशी कळ येते, काही सेकंद किंवा काही मिनिटे राहते आणि मागमूस न ठेवता जाते. तिला प्रॉक्टॅल्जिया फ्यूगॅक्स हे नाव थायसेन यांनी १९३५ साली दिले. अर्ध्या तासाहून जास्त टिकणारी, खोल, बोथट, आत काही अडकल्यासारखी वेदना, बसल्यावर वाढणारी, ही श्रोणीच्या तळाशी असलेल्या लेव्हेटर स्नायूकडे बोट दाखवते. बसले की जळते, उभे राहिले की कमी होते, शौचकूपाच्या भांड्यावर बसले तर मात्र फारसे दुखत नाही आणि रात्री झोपेतून उठवत नाही, अशी वेदना प्युडेंडल नसेची असू शकते. तिच्या निदानाचे निकष फ्रान्समधल्या नांत शहरातल्या तज्ज्ञांच्या पुढाकाराने ठरले आणि २००८ साली प्रसिद्ध झाले. खुर्चीवरून उठतानाच कळ येत असेल तर माकडहाड तपासावे लागते. ही सगळी माहिती पाच प्रश्नांत मिळते. केव्हा सुरू होते? किती वेळ राहते? शौचाशी तिचा संबंध काय? बसल्यावर काय होते? रात्री झोप मोडते का? या प्रश्नांना वीज लागत नाही आणि चाचणीचा खर्चही येत नाही.

दुसरा पुरावा बोटाच्या टोकावर मिळतो. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवावे, आधी नुसते पाहावे, नितंब हळूच दूर करून चीर दिसते का ते बघावे. ताजी चीर दिसली तर त्या दिवशी बोट आत घालू नये. वेदना देऊन सिद्ध करण्यासारखे तिथे काही उरलेले नसते. चीर नसेल तर बोट सावकाश आत न्यावे आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक जागा दाबून पाहावी. एकाच ठिपक्यावर रुग्ण कळवळला तर आत दडलेल्या गळवाचा संशय घ्यावा. मग मागच्या बाजूचा प्युबोरेक्टॅलिस स्नायू हलकेच ओढून पाहावा, डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळा, कारण हा दुखरेपणा पुष्कळदा एकाच बाजूला, त्यातही डावीकडे, जास्त असतो. आतले बोट आणि बाहेरचा अंगठा यांच्यामध्ये माकडहाड धरून हलवावे. पुरुषात पुढे प्रोस्टेट चाचपावी. शेवटी रुग्णाला आवळायला आणि नंतर कुंथायला सांगावे. कुंथताना स्नायू सैल पडण्याऐवजी आवळला जात असेल, तर बद्धकोष्ठाचे मूळही तिथेच सापडते. सुश्रुतसंहितेतही अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, यंत्राचे वर्णन आहे. ते चार अंगुले लांब, गाईच्या सडाच्या आकाराचे, पुरुषांसाठी पाच आणि स्त्रियांसाठी सहा अंगुले घेराचे सांगितले आहे. पाहण्यासाठी दोन छिद्रांचे आणि कर्मासाठी एका छिद्राचे, असा भेदही तिथे केलेला आहे. पाहणे हे उपचाराहून वेगळे आणि त्याआधीचे काम आहे, ही शिस्त आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे. आज ती सोडून दिली तर दोष साधनांच्या अभावाला देता येणार नाही.

सगळे पाहिले, रचनेत दोष सापडला नाही, पण वेदना खरी आहे, असे रुग्ण उरतात. त्यांच्याबाबत आपल्या हातून सर्वांत मोठा अन्याय होतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका’ असे सांगून आपण त्यांना घरी पाठवतो. पचनसंस्थेच्या कार्यात्मक आजारांसाठी २०१६ साली आलेल्या रोम-४ निकषांनी या वेदनेला स्पष्ट जागा दिली आहे. तीन महिने निकषांत बसणारी, किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली, अर्ध्या तासाहून लांबणारी वेदना, स्नायू ओढल्यावर दुखरेपणा, आणि इतर कारणे वगळलेली, असे असेल तर ते लेव्हेटर सिंड्रोमचे निदान आहे. हा दुखरेपणा म्हणजे हाताला लागलेला पुरावा आहे, आणि त्याची किंमत २०१० साली कियारिओनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दिसली. त्यांनी १५७ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. ज्यांचा स्नायू दुखरा होता, त्यांच्यापैकी बायोफीडबॅकने, म्हणजे स्नायू सैल सोडण्याच्या प्रशिक्षणाने, ८७ टक्के जणांना पुरेसा आराम पडला. विद्युत-उत्तेजनाने ४५ टक्के आणि मालिशने २२ टक्के जणांना पडला. ज्यांचा स्नायू दुखरा नव्हता, त्यांना कशानेही विशेष फायदा झाला नाही. याचा अर्थ नीट लक्षात घेऊ या. उपचार लागू पडेल की नाही हे बोटाच्या एका तपासणीने आधीच सांगितले होते. ते सांगणे एमआरआयला जमले नसते.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा की सरळ एमआरआय करून घ्यावा, म्हणजे काही सुटणार नाही. एमआरआय मोलाचा आहे. भगंदराच्या फाटे फुटलेल्या मार्गाचा नकाशा त्याच्यासारखा दुसरा कोणी देत नाही. पण त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर तो देतो. ‘पोट-ओटीपोट’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीवर काढलेल्या प्रतिमांत स्फिंक्टरांमधले लहान गळू नजरेतून सुटू शकते. ‘पाच वाजण्याच्या जागी तीव्र दुखरेपणा, गळवाचा संशय’ असे लिहिले, तर तेच यंत्र नेमके त्या जागी वळवले जाते. शिवाय केळद किंवा हिर्डोशीसारख्या गावाहून पुण्याला जाणे म्हणजे एका माणसाची आणि सोबत्याची दिवसाची मजुरी बुडणे. ऐन आवणीत ती बुडवा म्हणताना त्या प्रवासातून काय साधायचे आहे, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

दुसरा आक्षेप कर्करोगाचा. बोलण्यावर आणि बोटावर विसंबले तर गाठ राहून जाईल, ही भीती आहे. खरे तर बोट न घातल्यामुळेच ती राहून जाते. गुदद्वारापासून आत सात-आठ सेंटिमीटरपर्यंतचा भाग बोटाला लागतो, आणि तिथली गाठ हाताला कळते. रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे धरून महिनोन्‌महिने मलम देणे, हाच गाठ वाढू देण्याचा सर्वांत खात्रीचा रस्ता आहे. रक्तस्राव, वजन घटणे, शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल, रक्तक्षय, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी एक जरी असेल तरी कोलोनोस्कोपीसाठी पाठवायलाच हवे, मग कोंब दिसोत वा न दिसोत. माझा युक्तिवाद पुढच्या चाचण्या टाळण्याचा नाही. त्या योग्य माणसाला, योग्य वेळी मिळाव्यात म्हणून आधी तपासा, एवढाच आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गर्दीत वेळ कुठून आणायचा, आणि बायका तपासू देतील का? वेळेचे उत्तर हिशेबात आहे. चुकीच्या निदानाचा रुग्ण पुन्हा पुन्हा येतो, आणि दर खेपेला आपला वेळ घेतो. पहिल्याच भेटीत दिलेली पंधरा मिनिटे त्याहून स्वस्त पडतात. बायकांच्या संकोचाचे उत्तर मात्र आपल्या वागण्यात आहे. दार बंद असावे, पडदा असावा, परिचारिका सोबत असावी, आधी सांगून मग हात लावावा, आणि ‘थांबा’ म्हटले की थांबावे. एवढी हमी दिली तर नकार कमी होतात. स्त्रियांच्या बाबतीत आणखी काही विचारले पाहिजे. अवघड बाळंतपण झाले का, पाळीच्या दिवसांत वेदना वाढते का, घरात संडास नसल्याने अंधार पडेपर्यंत शौच रोखून धरावे लागायचे का. वर्षानुवर्षे शौच दाबून ठेवल्याने घट्ट झालेला मळ आणि आवळून धरण्याची सवय लागलेला स्नायू, ही दोन्ही कारणे त्या शेवटच्या प्रश्नात दडलेली असतात.

चौथा आक्षेप पॅथींचा आहे. हे आधुनिक वैद्यकाचे विषय, आम्हा वैद्यांना काय, असे म्हणण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्यांत पुष्कळ रुग्णांची पहिली भेट आयुर्वेदाच्या पदवीधराशीच होते. भगंदरावर बांधल्या जाणाऱ्या आयुर्वेदातल्या क्षारसूत्राची कसोटी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बहुकेंद्री चाचणीत घेतली आणि १९९१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेपेक्षा बरे व्हायला वेळ जास्त लागला, पण भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळले. पण क्षारसूत्र भगंदराचे आहे. स्नायूच्या वेदनेवर ते बांधले तर नुकसानच होईल, जसे स्नायूच्या वेदनेवर शल्यविशारदाने स्फिंक्टर कापला तर मळावरचा ताबा कायमचा जाण्याची भीती असते. उपचाराच्या वाटा वेगळ्या असू शकतात, निदानाची शिस्त सर्वांना एकच आहे. आणि कोंब जाळून देतो, टोचून देतो म्हणणारे नोंदणी नसलेले लोक त्या शिस्तीबाहेरचे आहेत. त्यांच्या हातून झालेल्या जखमा आणि आकसलेली गुदद्वारे निस्तरण्यापेक्षा, आपण वेळेवर आणि आदराने तपासणे हा त्यांच्यावरचा खरा उपाय आहे.

म्हणून या संमेलनापुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हातमोजे, जेली, चालू स्थितीतला प्रॉक्टोस्कोप, चांगला दिवा आणि पडदा असावा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तेव्हा रुग्णाला या साधनांसाठी खासगीकडे जावे लागू नये. दुसरी, भोरचे उपजिल्हा रुग्णालय, वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय आणि पुण्याचे ससून यांच्याकडे पाठवताना एकाच नमुन्याची चिठ्ठी असावी. तिच्यावर पाच प्रश्नांची उत्तरे, बोटाला काय लागले, आणि कशाचा संशय आहे, हे लिहिलेले असावे. तिसरी, कारण सापडले नाही तर रुग्णाला तसे स्पष्ट सांगावे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावून पुन्हा तपासावे. तोवर कोमट पाण्यात बसणे, मळ मऊ ठेवणे, न कुंथणे, श्वास पोटात घेत स्नायू सैल सोडणे, हे सुरू ठेवता येते. यातल्या एकाही उपायाने कोणाचे नुकसान होत नाही, आणि वेळ हीसुद्धा एक चाचणी असते.

या दुखण्याने कोणी फारसे मरत नाही, म्हणून ते आपल्या अहवालांत दिसत नाही. पण ज्याला बसता येत नाही, त्याला एसटीत, टेम्पोत, शाळेच्या बाकावर, पंगतीत, सगळीकडे उभे राहावे लागते, आणि का ते सांगताही येत नाही. त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे, त्याला तपासणे आणि कारण मिळेपर्यंत न थांबणे, हे आपण आजपासून, आहे त्या साधनांनिशी करू शकतो. पुढच्या संमेलनात या कामाचा हिशेब एकमेकांना देऊ, असा निश्चय येथे करावा, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.