चामखीळ चावणारा नाकतोडा



एखादा प्राणी पुष्कळ देशांत आढळतो, म्हणून तो सगळीकडे सुखरूप असेल, असे आपण सहज धरून चालतो. युरोपातल्या एका नाकतोड्याची हकीकत मात्र निराळे सांगते.

हा नाकतोडा लांब मिशांच्या कुळातला. नर भर उन्हात पुढचे पंख एकमेकांवर घासून गातो. मादीच्या मागे तलवारीसारखी नळी असते. ती मातीत खुपसून मादी अंडी घालते. पूर्वी स्वीडनमधले खेडूत या किड्याकडून चामखीळ चाववून घेत. म्हणूनच लिनिअस या शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याला ‘चामखीळ खाणारा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले.

आता त्याची आजची स्थिती पाहा. युरोपातील टोळ, नाकतोडे आणि रातकिडे यांच्या १,०८२ जातींची लाल यादी २०१६ साली प्रसिद्ध झाली. चौथ्या हिश्शाहून अधिक जाती धोक्यात निघाल्या. आपला नाकतोडा त्यांत नाही. युरोपापासून आशियापर्यंत त्याचा पसारा आहे, तेव्हा त्याच्या नावापुढे शेरा पडला, ‘फारशी काळजी नको’.

पण ब्रिटनमध्ये जा! तिथे तो दक्षिण इंग्लंडमधल्या मोजक्याच माळांवर उरला आहे, आणि १९८१ च्या कायद्याने त्याला संरक्षण द्यावे लागले आहे.

असे का झाले? कित्येक माळ नांगराखाली गेले, हे एक कारण. दुसरे कारण चराईचे. अंड्यांना ऊन लागणारी उघडी माती हवी, पिलांना आखूड गवत हवे, आणि मोठ्या किड्यांना पाखरांपासून लपायला उंच गवताचे झुबके हवेत. हे तिन्ही एकाच माळावर, जवळजवळ हवे. मेंढरांनी माळ साफ खाल्ला तर आडोसा जातो. मेंढरे अजिबात नसली तर गवत माजून माती झाकते. त्यातून अंडी बहुधा दोन-दोन हिवाळे मातीतच असतात. मध्येच नांगर फिरला, की दोन वर्षांची पिढी गेली!

म्हणजे यादीतला शेरा सबंध मुलखाचा असतो. एकेका माळाचा हिशेब त्यात येत नाही. तो तिथल्या माणसांनीच ठेवायचा. शिक्षकबंधूंनी मुलांना गायरानात न्यावे, लांब मिशांचे नाकतोडे कुठे दिसतात ते वहीत तारखेसह टिपायला लावावे. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, म्हणजे आपल्या गावापुरते तरी खरे काय ते कळेल.