माळरानाला हवा अभ्यासू राखणदार



बीदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे पूर्वी हैदराबाद संस्थानात मोडत. त्या संस्थानातील पक्ष्यांची शास्त्रशुद्ध पाहणी १९३१ साली सुरू झाली. ती करणारे सलीम अली तेव्हा बेकार होते. जर्मनीतून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९३० साली परतले, तोवर मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. वेतन नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती. संस्थानच्या अर्थसाह्याने काम उभे राहिले आणि पुढे देशाला थोर पक्षितज्ज्ञ लाभला.

अशा साह्याला आज अधिछात्रवृत्ती म्हणतात. तीतून तरुण अभ्यासकाला निर्वाहखर्च, प्रवास, साधने व प्रशिक्षण मिळते. परंतु तिची खरी देणगी म्हणजे वेळ. दुर्मिळ प्राण्याचे जीवन दोन दिवसांच्या भेटीत उलगडत नाही. त्यासाठी पावसाळे आणि उन्हाळे त्याच माळावर काढावे लागतात.

माळढोकाचे उदाहरण पाहावे. कलबुर्गीच्या सीमेला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नज परिसरात, १९७९ साली या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. १९८० नंतरच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दीर्घ अभ्यास केला. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ते गुरांच्या पायाखाली गेले किंवा कुत्र्याने पळविले, की त्या विणीची आशाच मावळते. टोळ आणि भुंगेरे खाणारा हा पक्षी शेतकऱ्याचा मित्र आहे, हेही अशाच निरीक्षणांतून स्पष्ट झाले.

तरीही माळढोक घटतच गेला. भोवताली ऊस आला, विजेच्या तारा आल्या. या जड पक्ष्याला समोरची तार वेळीच दिसत नाही. आज देशात दीडशेहून कमी माळढोक उरले असावेत, आणि नान्नजला त्याचे दर्शन क्वचितच घडते. दुसरे कारण माणसांशी निगडित होते. अभयारण्याची मूळ हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर होती. तीत गावे आणि खाजगी शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, तेव्हा लोकांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली. पुढे हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आली. पण दुरावलेली मने नकाशा बदलून जुळत नाहीत.

येथेच सीमाभागातील तरुणांचे महत्त्व आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मुलगा वा मुलगी मराठी आणि कन्नड सहज बोलते, उर्दूही समजते. मेंढपाळाशी आणि वन अधिकाऱ्याशी, दोघांशीही त्याच विश्वासाने बोलू शकणारा अभ्यासक बाहेरून आणणे कठीण. बीदरच्या माळावरील काळवीट आणि चिंचोळी अभयारण्याच्या परिसरातील वन्यजीव अशा अभ्यासकांची वाट पाहत आहेत.

मार्ग उपलब्ध आहेत. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने २००७ साली ‘एज’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या अधिछात्रवृत्तीतून नवोदित संरक्षकांना सुमारे दोन वर्षे साह्य व मार्गदर्शन मिळत आले आहे. पेशाने डॉक्टर असलेले महाराष्ट्रातील प्रमोद पाटील यांना माळढोकाच्या कार्यासाठी २०१५ साली ब्रिटनचा व्हिटली पुरस्कार मिळाला. प्राणिशास्त्राची पदवी नसली तरी या कामात पुढे जाता येते, हे त्यावरून दिसते. अभयारण्यातील संशोधनासाठी मात्र मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आवश्यक असते.

शिक्षकांनी पाखरांच्या नोंदी ठेवणारा विद्यार्थी हेरावा, आणि अर्ज लिहिताना त्याला हात द्यावा. अधिकाऱ्यांनी परवानगीचे कागद रेंगाळू देऊ नयेत. २००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती व लोक जैवविविधता नोंदवही असावयाची आहे. त्या नोंदवहीत गायरान, ओढे, गवत आणि तेथील जीव यांची खरी माहिती ग्रामस्थांनीच भरावी. तरुण अभ्यासकाला तोच पहिला आधार ठरेल.

गवताच्या माळाला आपण पडीक म्हणत आलो. त्या पडीक म्हटलेल्या जमिनीवर कोणाचे घरटे आहे, हे सांगणारा एक तरी तरुण प्रत्येक तालुक्यात उभा राहिला, तर नान्नजने शिकविलेला महागडा धडा वाया गेला नाही असे म्हणता येईल.