पाट्याची कच

प्रयोगशाळेत नमुने कुटायला-दळायला यंत्र घ्यायचं ठरलं, की पहिली चौकशी किमतीची होते, दुसरी मोटर किती हॉर्सपॉवरची याची आणि तिसरी तासाला किती किलो माल निघतो याची. हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. पहिला प्रश्न एकच आहे: या नमुन्यात आपल्याला काय शोधायचं आहे? दळणारं प्रत्येक यंत्र स्वतःही झिजतं आणि झिजलेला कण नमुन्यात जातो. पाट्याला नवी टाकी लावली, की पहिलं वाटण कोणी ताटात घेत नाही. मूठभर तांदूळ वाटून टाकून देतात, नाहीतर चटणीत कच लागते. घरातली ती कच दाताला कळते. प्रयोगशाळेतली कच मात्र अहवालात आकडा होऊन बसते, आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी खताचं पोतं घेतो, कोणी घेत नाही.

मातीचंच घ्या. मातीतलं पिकाला मिळणारं जस्त डीटीपीए या रसायनाच्या पद्धतीनं मोजतात आणि ते दहा लाख भागांत ०.६ भागापेक्षा कमी भरलं तर जमिनीत जस्ताची कमतरता आहे असं धरतात. आता हिशेब करा. शंभर ग्रॅम मातीत हे जस्त होतं अवघं ०.०६ मिलिग्रॅम, म्हणजे खसखशीच्या एका दाण्याच्या वजनापेक्षाही कमी. ढेकळं जस्ताचा मुलामा दिलेल्या घमेल्यात फोडली, पितळी चाळणीतून घासून चाळली आणि तेवढंच जस्त खरवडून मातीत उतरलं, तर उपाशी जमीन अहवालात पोट भरलेली दिसेल. म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी माती लाकडी मोगरीनं किंवा पोर्सिलेनच्या खलात फोडायची आणि स्टेनलेस स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या २ मिलिमीटर चाळणीतून काढायची. फोडायचीसुद्धा ढेकळंच. आतले खडे दळून माती वाढवायची नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कणानं काय बिघडतं? काही ठिकाणी खरोखर काहीच बिघडत नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. भंडाऱ्याच्या मँगनीज खनिजात मँगनीजच चाळीस टक्क्यांच्या घरात असेल, तर जॉ क्रशरच्या मँगनीज पोलादी जबड्यातून चिमूटभर आणखी आल्यानं निकाल हलणार नाही. तिथं मजबूत, स्वस्त, भरभर चालणारं यंत्र खुशाल घ्या. पण कासार्ड्याची सिलिका वाळू काचेसाठी तपासायची असेल, तर लोखंडाचा निकाल शतांश टक्क्यांत लागतो, कारण लोखंडानं काचेवर हिरवट झाक येते. क्वार्ट्‌झ कठीण, तो पोलादी भांड्याला खरवडतो. शंभर ग्रॅम वाळूत दहा मिलिग्रॅम लोखंड उतरलं, की निकालात ०.०१ टक्का लोखंड आपल्याच यंत्राचं. तिथं शेवटचं दळण अकीकाच्या खलात करावं. अकीकही झिजतो, पण त्याची झीज सिलिकाचीच, आणि वाळूत सिलिका आहेच. एकच पोलादी यंत्र एका खनिजाला योग्य आणि दुसऱ्याला घातक ठरतं, ते प्रश्न बदलला म्हणून.

दुसरा आक्षेप असा, की मग सगळ्यात कठीण भांडं घ्यावं, टंगस्टन कार्बाइडचं, म्हणजे झिजणारच नाही. झिजतं. कमी झिजतं, पण त्यातून टंगस्टन आणि कोबाल्ट उतरतात. नमुन्यात कोबाल्ट शोधायचा असेल तर हे महागडं भांडं पहिलं बाजूला ठेवा. झिर्कोनियाच्या भांड्यातून झिर्कोनियम येतं, क्रोम पोलादातून क्रोमियम आणि लोखंड. कच न सोडणारा पाटा मिळत नाही. आपल्याला जे मोजायचं आहे ती कच न सोडणारा पाटा निवडायचा असतो. हे पुन्हा सांगतो आहे, कारण खरेदीच्या कागदावर काठिण्याचा आकडा असतो, भांडं कशाचं बनलं आहे ते बारीक अक्षरात असतं.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी हलका मानत नाही. लहान प्रयोगशाळेनं चार प्रकारची भांडी कुठून आणायची? पण लाकडी मोगरी आणि पोर्सिलेनचा खल आवाक्यातले आहेत, आणि स्वच्छतेला मनुष्यबळाखेरीज फार काही लागत नाही. लसूण वाटलेल्या पाट्यावर वेलची वाटली तर खिरीला काय वास येईल ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कमी धातूचे नमुने आधी दळा, भरपूर धातूचे नंतर. दोन नमुन्यांच्या मध्ये स्वच्छ क्वार्ट्‌झ वाळू दळून टाकून द्या. टाकी लावल्यावरचे मूठभर तांदूळ ते हेच. आणि अधूनमधून तीच वाळू नमुना म्हणून तपासा, म्हणजे आपल्या यंत्राची कच किती ते आकड्यात कळेल.

शेवटी बारीकपणाविषयी. जितकं बारीक तितकं चांगलं, हा समज सोडा. कोळशाच्या विश्लेषणासाठी तो २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका दळतात, पण वेगवान गिरणीत तो तापला की ओल उडते, आणि ओल उडाली की उष्मांक फुगलेला दिसतो. भाव तर उष्मांकावरच ठरतो. म्हणून एकूण ओलीचा नमुना आधीच, भरडा असताना वेगळा काढावा. सोन्याच्या खनिजाची गोष्ट आणखी निराळी, सोनं फुटत नाही, चपटं होऊन भांड्याला चिकटतं आणि पुढच्या नमुन्यात उतरतं. एवढं तरी लक्षात ठेवा: यंत्राची किंमत विचारण्याआधी नमुन्याला काय विचारायचं आहे ते कागदावर लिहा, आणि त्याच्याखाली भांडं कशाचं आहे ते लिहा. दोन्ही ओळींत एकच नाव आलं आणि नमुन्यात ते अगदी थोडं असेल, तर ते यंत्र घेऊ नका.