तीन दिवस, दोन तालुके

आमच्या महाविद्यालयात भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला अभ्याससहल सक्तीची आहे. दरवर्षी डिसेंबर उजाडला की मुलं विचारायला लागतात, "सर, यंदा कुठं?" एका वर्षी एका मुलानं वर्गात रंगीत पत्रकच आणून दाखवलं. कुठल्याशा खासगी संस्थेची मुलं फ्रान्सच्या अभ्यासदौऱ्याला निघाली होती. पॅरिस, लिआँ, द्राक्षांचे मळे, नदीकाठची जुनी गावं. खर्चाचा आकडा वाचून वर्गात हशा पिकला. मी म्हटलं, "फ्रान्सला नाही, पण एका फ्रेंच माणसाला बरोबर घेऊन जाऊ. बारामती आणि इंदापूर!" वर्गात पुन्हा हशा.

तो फ्रेंच माणूस म्हणजे पॉल व्हिदाल द ला ब्लाश. आधुनिक फ्रेंच भूगोलाचा हा प्रवर्तक १९१८ साली वारला. १९०३ साली त्यानं फ्रान्सच्या प्रदेशांचं वर्णन करणारा मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या विचाराचा गाभा आमची मुलं परीक्षेसाठी पाठ करतात: निसर्ग शक्यता देतो, त्यातली निवड माणूस करतो. पाठ सगळ्यांना असतं. मला ते वाक्य त्यांना पायाखाली दाखवायचं होतं.

एसटीची प्रासंगिक करारावरची गाडी ठरवली. अडतीस मुलं, आम्ही दोन शिक्षक, फीत, मातीचा गिरमिट, पाण्याचा क्षार मोजायचं छोटं यंत्र आणि वह्या. जानेवारीतल्या एका पहाटे पुण्याहून निघालो. सासवड, जेजुरी करत मोरगावला आलो. मयूरेश्वराचं दर्शन झालं, आणि लगेच कऱ्हेच्या पात्रात उतरलो. पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि वेड्या बाभळी जास्त. मी सांगितलं, "हा बारामती तालुकाच आहे बरं का." मुलांचा विश्वास बसेना. बारामती म्हटलं की ऊस, एवढंच त्यांना ठाऊक.

या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होतात, इकडं उरतो तो वारा. मोरगाव-सुप्याचा हा जिरायत पट्टा. इथं जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी येतं, पण उंचावर चढवलेलं पाणी विजेवर अवलंबून, आणि वीज बिलावर. सुप्याजवळ एका शेतकऱ्याच्या विहिरीत आम्ही फीत सोडली. खडखडाट नव्हता, पण पाणी तळाशी होतं. त्यांनी मुलांना मालदांडी ज्वारीचा हुरडा खाऊ घातला, शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि म्हणाले, "पोरांनो, हितनं चार कोसांवर कॅनॉल हाय. तिकडं ऊस. आम्ही मातर ढगाकडं बघतो." एका मुलानं ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. त्या दिवसाचा निम्मा भूगोल त्यात होता.

संध्याकाळी बारामतीत पोचलो. इथं मोरोपंत राहिले. जन्म १७२९ साली पन्हाळ्याला, पण हयात गेली ती बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं, आणि १७९४ साली देह ठेवला तोही इथंच. पंतांच्या आर्या शाळेत कधीतरी कानांवरून गेलेल्या. कऱ्हेच्या काठी उभं राहून मी एवढंच म्हटलं, "ऊस येण्याच्या शंभर वर्षं आधी या गावाचं पीक हे होतं."

दुसऱ्या दिवशी कालवा. १८७६ ते १८७८च्या मोठ्या दुष्काळानं हा सारा मुलूख होरपळला होता. त्यानंतर इंग्रज सरकारनं वेळवंडी नदीवर भाटघरला धरण बांधायला घेतलं आणि १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. पुरंदर, बारामती, इंदापूर अशा तीन तालुक्यांतून दीडशे किलोमीटरहून जास्त धावणारा हा कालवा. पुढं भाटघरला १९२८ साली नवं, मोठं धरण झालं. कालव्याच्या भरावावर मुलांना उभं केलं. उजवीकडं नजर पोचेल तिथवर ऊस, डावीकडं चढावर खुरटी बोर-बाभूळ. मध्ये फक्त भराव. एक मुलगा म्हणाला, "सर, हे तर कोणी पट्टीनं रेघ मारल्यासारखं आहे." मी म्हटलं, "मारलीच आहे. सर्वेक्षणाच्या वेळी."

सुरुवातीला शेतकऱ्यांना कालव्याच्या पाण्याचा भरवसा वाटत नव्हता. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी कशाला भरायची, हा हिशेब. मग ऊस आला, गूळ आला. सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्यामागोमाग खाली उतरले. त्यांनीच १९३२ साली पलीकडं माळीनगरला स्वतःच्या भांडवलावर साखर कारखाना काढला. १९३०च्याच दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंदनगर वसवलं. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर असे सहकारी कारखाने आले. वालचंदनगरच्या कारखान्यात पुढं अवकाशयानांच्या अग्निबाणांचे भाग तयार होऊ लागले, हे ऐकून मुलं चकित झाली. उसाच्या फडातून अंतराळात!

इथवर माझी सहल मी आखल्याप्रमाणे चालली होती. निसर्गानं कोरडी जमीन दिली, माणसानं कालव्याची निवड केली, आणि प्रदेश पालटला. धडा संपला. पण दुपारी एका उसाच्या शेताच्या कडेला मुलांनी गिरमिट लावला आणि धड्यात खोट निघाली. माती ओली, चिकट, आणि वर पांढरं फुटलेलं. एकानं बोट लावून जिभेवर टेकवलं, तोंड वाकडं केलं. शेताचे मालक म्हणाले, "चोपण झालीय. आज्याच्या काळात हितं नंबरी ऊस व्हायचा."

हा रोग नवा नाही. काळ्या भारी जमिनीला निचरा कमी. वरून पाण्याचा मारा झाला की भूजल वर येतं, बरोबर क्षार आणतं, पाणी उन्हानं उडतं आणि क्षार मागं राहतो. नीरेच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभीच हे लक्षात आलं होतं. विश्वेश्वरय्यांनी त्याच सुमारास दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत आखली: ठरावीक गटालाच पाणी, त्यातही उसाला थोडा हिस्सा आणि बाकी कमी पाण्याची पिकं. म्हणजे पाणी जास्त गावांना पोचेल आणि जमीनही टिकेल. पुढं क्लॉड इंग्लिस यांनी पाणथळ जमिनीखालच्या चरांचा अभ्यास केला, आणि १९३२ साली नीरेकाठी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र उभं राहिलं. औषध माहीत होतं. पण साखरेला भाव आणि पाणी दारात असताना पथ्य कोण पाळणार?

आता चित्र थोडं बदलतंय. ठिबक आलं. माळेगावजवळ शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात तर मुलांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा ऊसही पाहिला. जमिनीतल्या संवेदकांवरून पाणी कधी द्यायचं ते मोबाइल सांगतो. तिथंच द्राक्षाच्या कलमांची गोष्ट निघाली. महाराष्ट्रात द्राक्षवेल बहुधा डॉगरिज नावाच्या खुंटावर बांधतात, कारण तो क्षार आणि पाण्याची ओढ सोसतो. तो मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. एकोणिसाव्या शतकात मुळांवरच्या एका किडीनं फ्रान्सचे मळे बसवले, तेव्हा असेच रानटी अमेरिकी खुंट तिकडं कामी आले. टेक्सासच्या ज्या मन्सननं ते शोधायला मदत केली त्याचा फ्रान्सनं १८८८ साली सन्मान केला. पत्रक आणणारा मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, फ्रान्स आला की बारामतीत!" सगळे हसले. मीही हसलो, पण चोपण जमीन मनातून जात नव्हती.

तिसरा दिवस इंदापूरचा. मालोजीराजे भोसल्यांच्या समाधीवर माथा टेकवून आम्ही भीमेच्या काठाला लागलो. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाण्याचा फुगवटा मागं इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जतपर्यंत. एकूण साठा ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. या पाण्याखाली भीमाकाठची अनेक गावं गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर त्यातलंच. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं. २०२४च्या उन्हाळ्यात लोकांनी ते पाहिलं होतं. आम्ही गेलो तेव्हा धरण भरलेलं होतं. मंदिरही नाही आणि चिखलाणी नसल्यानं रोहित पक्षीही मोजकेच. मुलं जरा हिरमुसली.

कुंभारगावच्या काठावर होडीत बसायच्या आधी मी प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालायला लावलं, बंद स्वतः तपासले. एकदोघांना ते जाच वाटलं. मग मी सांगितलं. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडं येणारी होडी वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. पाणी येण्याआधी ही गावं शेजारी होती. आता मध्ये जलाशय. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, म्हणून माणसं होडीत बसतात. मुलं मुकाट्यानं बंद आवळू लागली.

होडी चालवणारे मामा साठीच्या पुढचे, भोई समाजातले. मध्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि बोटानं दाखवायला लागले. "हितं चावडी. त्या अंगाला मारुती. ह्या बाजूनं माळ्याची वस्ती, आन् तिथून नदीला उतार." मुलं पाण्याकडं बघत होती. तिथं पाण्याशिवाय काही नव्हतं.

तेव्हा एक मुलगी बोलली. सबंध सहलीत ती फारशी बोलली नव्हती. "सर, निसर्ग शक्यता देतो आणि माणूस निवड करतो, असं आपण शिकलो. पण ही निवड कोणत्या माणसानं केली? इथल्यांना कोणी विचारलं होतं?"

मला उत्तर सुचेना. त्याचं कारण मी मुलांना सांगितलं नव्हतं. माझं आजोळ याच पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आजीनं दाराची चौकट उखडून बैलगाडीत घातली होती, कारण सागवानी होती आणि नव्या घराला लागणार होती. नव्या गावठाणात कित्येक वर्षं ती चौकट भिंतीला टेकून उभी होती. घर व्हायला तेवढा वेळ लागला. मामाला मोबदला मिळाला तो थोडा आणि उशिरा. ज्यांची जमीन काठावर वाचली, त्यांनी मोटारी बसवून पाइपलाइनी टाकल्या आणि ऊस केला. ते सुधारले. ज्यांचं सगळं गेलं, ते पाण्याच्या शेजारी राहून पाण्याला पारखे झाले. आणि खाली सोलापूरचा शेतकरी म्हणतो, धरण आमच्यासाठी बांधलं. तेही खोटं नाही. २०२१ साली उजनीतलं पाच टीएमसी पाणी इंदापूरच्या गावांना द्यायचं ठरलं, सोलापुरात उद्रेक झाला, आणि पुढच्याच महिन्यात निर्णय मागं घ्यावा लागला. दोन्हीकडं माणसंच, दोन्हीकडं कोरड.

हे सगळं मी त्या होडीत सांगून टाकलं. तीस वर्षं शिकवतोय, पण वर्गात हे कधी आलं नव्हतं. मला वाटायचं, घरचं दुःख म्हणजे भूगोल नव्हे. मुलं गप्प होती. मामांनी विचारलं, "गाव कंचं म्हणायचं सर तुमचं?" मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमी आमचं पावनंच की!" आणि काठावर आल्यावर होडीचे पैसे घेईनात. फार आग्रह केला तेव्हा निम्मे घेतले.

परतीच्या वाटेवर भिगवणला मासळीचं जेवण झालं. गाडीत नेहमीसारखी गाणी झाली नाहीत. मी त्या मुलीला एवढंच सांगितलं, "निवड माणूस करतो, हे वाक्य चुकीचं नाही. पण ते अपुरं आहे. माणूस म्हणजे कोण, किंमत कोणी मोजली, हे प्रत्येक वेळी विचारायचं." कालव्यालाही ते लागू आणि धरणालाही. कालवा नसता तर सुप्यासारखा दुष्काळ सगळीकडं असता, आणि उजनी नसती तर सोलापूर तहानलेलं राहिलं असतं. पण कालव्यापलीकडचा माळ, उसाखालची चोपण आणि पाण्याखालचं गाव नकाशात दाखवल्याशिवाय तो नकाशा पुरा होत नाही.

महिन्याभरानं सहलीचे अहवाल आले. पाच मुलांच्या एका गटानं एक जादा पान जोडलं होतं. मामांनी होडीतून दाखवलं तसं बुडालेलं गाव त्यांनी कागदावर मांडलं होतं: चावडी, मारुती, माळ्याची वस्ती, नदीचा उतार. खाली लिहिलं होतं, प्रमाण नाही, सांगीवरून काढलेला. मी तो नकाशा घेऊन आजोळी गेलो. मामा आता थकलाय. त्यानं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन आणखी चार आजूबाजूच्या गावांसह आमचं घर कुठं होतं तिथं एक चौकोन काढला. मग म्हणाला, "ह्याच्यात विहीर ऱ्हायलीय." आणि तीही काढली.

तो नकाशा आता आमच्या विभागाच्या भिंतीवर लावलाय. पुढच्या वर्षी सहल कुठं, असं मुलं विचारतात. बारामती-इंदापूरला आम्ही पुन्हा जाणार आहोत. बरीच गावं काढायची राहिली आहेत.